तापवलेले माणिक आणि काच भरलेले माणिक

हे दोन्ही खडे मूळचे खाणीतलेच असतात आणि नुसत्या डोळ्यांना सारखेच लालबुंद दिसतात. मात्र पहिल्यात खड्याचे स्वतःचे रूप पालटलेले असते, तर दुसऱ्यात त्याचे दोष परक्या पदार्थाने झाकलेले असतात.

माणिक म्हणजे क्रोमियमच्या अंशामुळे लाल झालेला कुरुंद हा कठीण खनिज. तो सुमारे २०५० अंश सेल्सिअसला वितळत असल्याने भट्टीतली तीव्र आच सहज सोसतो. म्यानमारमधील मोंग सूच्या माणकांच्या गाभ्यात निळसर-जांभळी छटा असते. १९९०च्या दशकापासून ती तापवून घालवली जाऊ लागली, तेव्हाच हे खडे बाजारात चालू लागले. अधिक उष्णतेत खड्यातल्या रुटाइल या खनिजाच्या बारीक सुयाही विरघळतात आणि खडा स्वच्छ दिसतो. हा बदल कायमचा असतो. विक्रेत्याने तो सांगितला, तर त्यात वावगे काहीच नाही.

काच भरण्याची गोष्ट निराळी आहे. २००४च्या सुमारास बाजारात दिसू लागलेल्या या पद्धतीत, एरवी दागिन्याला निरुपयोगी ठरणाऱ्या भेगाळ कुरुंदात शिसेयुक्त काच वितळवून मुरवतात. या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, माणकाच्या जवळपास असल्यामुळे भेगेपाशी प्रकाश फारसा विचलित होत नाही आणि भेग जणू नाहीशी होते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली खडा हळूहळू कलता केला, की एका विशिष्ट कोनात भेगेच्या पातळीवर निळी किंवा केशरी झाक चमकून जाते, आत अडकलेले चपटे बुडबुडेही दिसतात आणि काच पैलूवर जिथे उघडी पडते तिथली झळाळी मंद असते.

खरा फरक उघडा पडतो तो दुरुस्तीच्या वेळी. सोनाराच्या फुंकणीची ज्योत लागली किंवा खडा आम्लात बुडवला, की ही काच खराब होते आणि सगळ्या भेगा पांढऱ्या रेघांसारख्या वर येतात. लिंबाच्या रसानेही तिला इजा होते. केवळ तापवलेल्या माणकाला आम्लाची अशी धास्ती नसते. म्हणूनच पावतीवर कोणती प्रक्रिया ते न सांगता नुसते ‘ट्रीटेड’ (प्रक्रिया केलेले) लिहून घेणे मला अपुरे वाटते.

तापवताना टाकणखार वापरला, तर मात्र ही सीमारेषा काहीशी पुसट होते. त्याच्या साहाय्याने भेगा कुरुंदानेच बऱ्याच अंशी सांधल्या जातात, पण थोडी काच मागे उरते. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात असा अवशेष किती आहे, याची स्वतंत्र नोंद पाहावी.