पाणपोई

वाटसरूला फुकट पिण्याचं पाणी मिळावं म्हणून रस्त्याकडेला, बाजारात, घाटात किंवा देवळापाशी केलेली सोय. चैत्र लागला की मांडव घालून रांजण मांडतात, त्यांना ओलं फडकं गुंडाळतात, पाण्यात वाळ्याची जुडी टाकतात आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने ओंजळीत पाणी ओततात, हे सगळ्यांनी बघितलेलंच आहे.

'पोई' कुठून आलं यावर मात्र थोडं थांबायला हवं. संस्कृतात पाणी पाजायच्या जागेला 'प्रपा' म्हणतात आणि प्राकृतात त्याचं 'पवा' झालं. दुसरीकडे जुन्नर, कान्हेरी, नाणेघाट इथल्या शिलालेखांत खोदीव टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे, नाणेघाटात तर सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेल्या पोढीचा लेखच आहे, त्यामुळे ट्रेकला जाऊन टाकी बघितलेल्या कुणालाही पोढी म्हणजेच पोई असं वाटणं साहजिक आहे. पण मराठीत असा ढ सहसा टिकतो (वाढ, गाढ), तो गळाला म्हणायचं तर दुसरे दाखले हवेत. शिवाय पोढी म्हणजे नुसतं टाकं, त्यात पाजण्याचा अर्थ नाही. म्हणून प्रपा, पवा, पोई ही वाट जास्त पटते.

महाराष्ट्रातला प्रवाशांसाठीच्या पाण्याचा फार जुना आणि अगदी स्पष्ट पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत, 10 नंबरच्या लेण्यात आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा (विसाव्याच्या जागा) व प्रपा केल्या असं त्यात म्हटलंय. दमण म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, म्हणजे नदी उतरून आलेल्या माणसाला बसायला सावली आणि प्यायला पाणी दोन्ही मिळायचं! या लेखावर वर्ष नाही, पण त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात 41, 42 आणि 45 अशी वर्षं आहेत. ती शक संवताची धरली तर साधारण इ.स. 119 ते 123 येतं. पण पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी प्रवासाच्या पुस्तकातला मंबनोस राजा हाच नहपान मानला तर सगळं पहिल्या शतकात मागे जातं, आणि नाण्यांच्या अलीकडच्या अभ्यासामुळे पारडं तिकडेच झुकताना दिसतं.

मधल्या काळात धर्मशास्त्रांनी प्रपा पूर्तकर्मात, म्हणजे लोकोपयोगी पुण्यकामांत धरली, विहीर-तळ्यांच्या पंगतीत.

मुंबईत विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये आलं आणि नंतर शेठ लोकांनी दगडी प्याऊ, म्हणजे बांधीव पाणपोया बांधल्या: मशीद बंदरजवळचा केशवजी नायक यांचा 1876 चा, फोर्टात रतनसी मुळजी जेठांचा 1894 चा, ज्याची रचना वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची. यातल्या कित्येकांना खाली गुरांसाठी हौद असायचा.

पण 'सार्वजनिक' हा शब्द जपून वाचायला हवा. ओगराळं उंच धरून वरून पाणी ओतण्यामागे स्वच्छता होती तसा विटाळही होता, आणि कित्येक वाटसरूंना तेवढंही मिळत नव्हतं. जोतिराव फुल्यांनी 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, तरी चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 ला महाडला सत्याग्रह करावा लागला. पाणपोईच्या इतिहासात हा भाग तळटीपेत ढकलतात ते चूक आहे, तो मुख्य मजकूर आहे.

आता प्रवासात फुकट पाणी म्हणजे स्टेशनातले नळ, एसटी स्टँडवरची 'स्मरणार्थ' अशी पाटी लावलेली टाकी, देवस्थानांची सोय, नांदेडचा गुरुद्वारा. गडावरच्या टाक्यांपैकी पिण्याचं कुठलं हे गावातल्या माणसाला विचारूनच घ्यावं आणि तरी गाळून, उकळून प्यावं. मांडवातली पाणपोई पावसाच्या तोंडावर उठते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत निघालेल्यांना ती सापडत नाही, बारमाही असते ती बांधीवच.