ईश्वराशी व्यक्तिगत नाते (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मविचारातील एक संकल्पना व तिच्याभोवती वाढलेली साधना. देव हा केवळ विश्वाचे आदिकारण नव्हे. तो माणसाला नावाने ओळखतो, त्याच्याशी बोलतो आणि माणसानेही त्याच्याशी बोलावे अशी त्याची इच्छा असते, हे या संकल्पनेत गृहीत धरलेले आहे. हा शब्दप्रयोग आज मुख्यतः इव्हँजेलिकल (व्यक्तिगत परिवर्तन व बायबलचे प्रामाण्य यांवर भर देणाऱ्या) प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या प्रवचनांत आणि साक्षींत (श्रद्धानुभवाच्या कथनांत) ऐकू येतो. तथापि कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथातही जिवंत व खऱ्या देवाशी असलेले व्यक्तिगत नाते म्हणजेच प्रार्थना, असे म्हटले आहे. बायबलमध्ये मात्र हा शब्दप्रयोग सापडत नाही. तेथे करार, ओळख, मैत्री, पुत्रत्व व सहभागिता असे वेगवेगळे शब्द येतात आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे.

जुन्या करारात देवाचा संबंध प्रामुख्याने एका लोकसमूहाशी आहे. व्यक्तींचे उल्लेख येतात ते बहुधा त्या समूहाचे पुढारी म्हणून. अब्राहामाला देवाचा मित्र म्हटले आहे (यशया ४१:८). मित्राशी बोलावे तसा परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलत असे (निर्गम ३३:११). त्याच अध्यायात थोडे पुढे, माझे मुख पाहून कोणी जिवंत राहत नाही, असे मोशेला सांगितले जाते (३३:२०). या विसंगतीचे कारण मूळ परंपरा एकाहून अधिक असण्यात शोधले जाते. स्तोत्रांमध्ये एकवचनी ‘माझा’ ठळक होतो. तेविसावे स्तोत्र हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तरीही ही स्तोत्रे मंदिरातील सामूहिक उपासनेत गाइली जात असावीत, हे ध्यानात ठेवावे लागते. नव्या करारात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो (योहान १५:१५), आणि ‘ज्याने माझ्यावर प्रीती केली व माझ्यासाठी स्वतःला दिले’ असे पौल प्रथमपुरुषी एकवचनात लिहितो (गलती. २:२०).

‘अब्बा’ या शब्दाचा वाद : देवाशी जवळीक कशी असावी हे सांगताना सर्वाधिक आधार घेतला जातो तो ‘अब्बा’ या अरामी शब्दाचा. नव्या करारात तो तीनच ठिकाणी येतो : गेथशेमाने बागेतील येशूच्या प्रार्थनेत (मार्क १४:३६) आणि पौलाच्या दोन पत्रांत (रोम. ८:१५, गलती. ४:६). तिन्ही ठिकाणी त्यालगत ‘हो पातेर’ (पिता) हा ग्रीक शब्द जोडलेला आहे. मराठी बायबलमध्ये ‘अब्बा, बापा’ असे भाषांतर रूढ आहे.

हा शब्द चर्चेच्या केंद्रस्थानी आणला तो गटिंगेनचे जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास (१९००–७९) यांनी. पॅलेस्टाइनमधील तत्कालीन यहुदी प्रार्थनांत एकट्या व्यक्तीने देवाला ‘अब्बा’ अशी हाक मारल्याचे उदाहरण आढळत नाही, म्हणून हा वापर येशूचे वैशिष्ट्य होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. शब्दाची घडण ‘इम्मा’प्रमाणे (आई) तान्ह्या मुलाच्या बोबड्या बोलातून झाली असावी, असेही त्यांनी मांडले. येशू लहान मुलाच्या भाषेत देवाशी बोलला, हे लोकप्रिय विधान येथूनच पसरले. येरेमियास यांनी पुढे या भागाला स्वतःच मुरड घातली आणि प्रौढ मुलेही वडिलांना ‘अब्बा’ म्हणत, हे मान्य केले. प्रवचनांत मात्र ही दुरुस्ती फारशी पोचली नाही.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ व बायबल-अभ्यासक जेम्स बार (१९२४–२००६) यांनी १९८८ मध्ये या मताची सविस्तर चिकित्सा केली. बोबड्या बोलातून शब्द आला असे मानले, तरी येशूच्या काळी तो बालभाषेतलाच होता असे त्यावरून ठरत नाही. शब्दाचा उगम आणि त्याचा चालू अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुख्य आक्षेप. दुसरा मुद्दा ग्रीकचा. लहान मुलांच्या तोंडचा ‘पाप्पास’ हा शब्द ग्रीकमध्ये उपलब्ध असूनही नव्या कराराच्या लेखकांनी तो टाळला आणि प्रौढ, घरंदाज ‘पातेर’ वापरला. शब्दाच्या शेवटचा ‘आ’ हा अरामी नामाच्या निश्चित रूपाचा प्रत्यय असू शकतो. तसे असल्यास ‘पिता’ हाच त्याचा सरळ अर्थ होतो.

वापर पूर्णतः नवा होता काय, याविषयीही मतभेद आहेत. बाबिलोनी तालमूद या यहुदी धर्मग्रंथातील एका कथेत (तानीथ २३ब) अवर्षणात मुले होनी या पुण्यपुरुषाचा नातू हानान याच्या मागे लागून ‘अब्बा, पाऊस दे’ म्हणतात. तेव्हा पाऊस देणारा अब्बा आणि पाऊस न देऊ शकणारा अब्बा यांतला फरक न कळणाऱ्या या मुलांसाठी तरी पाऊस पाड, अशी तो देवाची आळवणी करतो. बायबल-अभ्यासक गेझा व्हर्मेश यांनी या कथेला महत्त्व दिले. परंतु तालमूदची सिद्धता कित्येक शतकांनंतरची असल्याने तिचा पुरावा जपूनच घ्यावा लागतो. मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन यहुदी हस्तलिखितांपैकी एका हिब्रू लेखात योसेफ देवाला ‘माझ्या पित्या’ अशी हाक मारतो. तेथील शब्द मात्र ‘अबी’ आहे, ‘अब्बा’ नव्हे.

एकंदरीत ‘अब्बा’ हा कुटुंबातला, आपुलकीचा पण बालिश नसलेला शब्द होता, हे बार यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठी कानाला तो ‘बाबा’च्या जवळचा लागतो आणि म्हणून येरेमियास यांचे मूळ मत चटकन पटते, ध्वनिसाम्य हा अर्थातच पुरावा नव्हे. आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. पौलाच्या दोन्ही उताऱ्यांत बहुवचन आहे : हाक ‘आपण’ मारतो, आत्मा ‘आपल्या’ अंतःकरणांत पाठवला जातो. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेची सुरुवातही ‘आमच्या पित्या’ अशीच आहे. एकट्याच्या नात्याचा म्हणून पुढे केला जाणारा हा शब्द मुळात मंडळीच्या प्रार्थनेतला दिसतो.

विकास : प्रार्थना म्हणजे देवाशी संभाषण, ही व्याख्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने इ.स. २०० च्या सुमारास केली. ऑगस्टीनचे आत्मनिवेदन (सु. ३९७–४००) आरंभापासून देवाला उद्देशून द्वितीयपुरुषात लिहिलेले आहे. मध्ययुगात बर्नार्ड ऑफ क्लेअरव्हो (१०९०–११५३) याने बायबलमधील गीतरत्न या पुस्तकावरील ८६ प्रवचनांतून ख्रिस्त व आत्मा यांच्यासाठी वधूवरांचे रूपक रुजवले. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसने प्रत्येक ध्यानाच्या शेवटी मित्राने मित्राशी बोलावे तसे बोलण्याचा पाठ घालून दिला, तर आव्हिलाच्या तेरेसाने (१५१५–८२) मनातली प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्याशी एकांतात केलेली मैत्रीची देवघेव असे म्हटले.

‘व्यक्तिगत’ या विशेषणाला आजचा जोर आला तो जर्मन पायटिझममुळे, म्हणजे अंतःकरणातील भक्तीवर भर देणाऱ्या ल्यूथरन चळवळीमुळे. फिलिप याकोप श्पेनर यांनी १६७० मध्ये फ्रँकफुर्ट येथे घरगुती अभ्यासमंडळे सुरू केली. त्यांचा सुधारणाविषयक प्रबंध १६७५ चा. परंपरेचा पुढचा दुवा म्हणजे काउंट त्सिन्सेनडॉर्फ यांच्या जमिनीवर १७२२ मध्ये वसलेले हेर्नहूट आणि तेथील मोरेव्हियन हा प्रॉटेस्टंट समाज. याच समाजाच्या श्पांगेनबेर्ग यांनी फेब्रुवारी १७३६ मध्ये अमेरिकेतील जॉर्जियात, पुढे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक ठरलेले जॉन वेस्ली यांना, तुम्ही येशू ख्रिस्ताला ओळखता का, असे विचारले. तो जगाचा तारणारा आहे हे मी जाणतो, असे उत्तर मिळताच, पण त्याने तुम्हाला तारले आहे हे जाणता का, असा प्रतिप्रश्न आला. आपले उत्तर पोकळ होते, अशी भीती वेस्लींनी रोजनिशीत नोंदवली आहे. दोन वर्षांनी, २४ मे १७३८ रोजी, लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत रोमकरांस पत्रावरील ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात असताना आपले हृदय ‘विलक्षण उबदार’ झाल्याचे त्यांनी लिहिले. येथेही वाचणारे दुसरेच कोणी होते आणि भोवती मंडळी होती.

येशूला ‘आपला व्यक्तिगत तारणारा’ म्हणून स्वीकारण्याची ठरावीक शब्दरचना त्यानंतरची. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व अमेरिकन पुनरुज्जीवन सभांमध्ये ती रूढ झाली असावी. अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहॅम (१९१८–२०१८) यांच्या सभांनी ती जगभर नेली.

पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स) चर्च : येथे हा प्रश्न वेगळ्या अंगाने आला. जो देव स्वरूपतः अज्ञेय आहे त्याच्याशी नाते जडेल कसे? ग्रीसमधील आथोस पर्वतावरील संन्यासी ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही येशूप्रार्थना श्वासाच्या लयीत जपत आणि आपल्याला दिव्य प्रकाश दिसतो असे सांगत. कालाब्रियाच्या बार्लामने त्यांची टर उडवली. ग्रेगरी पालामास (सु. १२९६–१३५९) याने देवाचे सार आणि त्याच्या अनिर्मित शक्ती असा भेद करून उत्तर दिले : सारापर्यंत कोणीही पोचत नाही, पण शक्तींमध्ये माणूस खरोखर सहभागी होतो. कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ व १३५१ च्या धर्मसभांनी ही बाजू उचलून धरली.

साधना : रोजचे बायबलवाचन, एकांतातील प्रार्थना, पापकबुली, मंडळीतील सहभागिता व प्रभुभोजन ही साधने सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच आहेत. कार्थुशियन मठाधिपती दुसरा ग्विगो याने बाराव्या शतकात वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील ‘शांत समय’ (रोज एकांतात केलेले बायबलवाचन व प्रार्थना) तिच्याशी बराच जुळतो, शेवटची पायरी सोडून.

टीका व अभ्यास : भावनेवरील भर माणसाला अंतर्मुख करून समाजापासून तोडतो, अशी टीका जर्मन धर्मशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट रिचल यांनी पायटिझमच्या तीन खंडांच्या इतिहासात (१८८०–८६) केली. अलीकडे मानवशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी अमेरिकेतील व्हिनयार्ड या इव्हँजेलिकल मंडळ्यांमध्ये राहून, मनात उमटणाऱ्या विचारांपैकी कोणता देवाचा हे ओळखायला सदस्य सरावाने कसे शिकतात, याचे वर्णन केले आहे. त्यांचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. देव आहे की नाही, या प्रश्नात त्या शिरत नाहीत.

या नात्यातील देवाच्या मौनाबद्दल परंपरेत कमी लिहिले गेले आहे. योहान ऑफ द क्रॉस (१५४२–९१) याने त्याला ‘काळोखी रात्र’ म्हटले आणि प्रगतीचाच एक टप्पा मानले. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रकाशित झालेली पत्रे याबाबत उल्लेखनीय आहेत : देवाची जवळीक जाणवत नसल्याची व्यथा त्यांत अनेक दशके येत राहते, आणि त्या काळातही त्यांची रोजची प्रार्थना थांबलेली नव्हती.