पोर्ट उघडत नाही? आधी राउटरचा वॅन आयपी बघा

टॉरेंट किंवा सिंकथिंगने (दोन कॉम्प्युटरमधल्या फायली थेट जुळवणारा प्रोग्राम) मोठ्या फायली पाठवणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ग्राहकांची नेहमीची तक्रार असते: पोर्ट फॉरवर्ड केला (म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन आपल्या कॉम्प्युटरकडे वळवायचा नियम राउटरमध्ये घातला), तरी बंदच दाखवतो. बऱ्याचदा तुमचं सेटिंग बरोबर असतं, अडतं पुढे.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने राउटरला मिळालेला पत्ता, बघा. पहिले दोन आकडे १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असतील तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे. बाहेरून आलेलं कनेक्शन कुठल्या घरी सोडायचं ते तुमच्या राउटरच्या आधीच ठरतं, तिथे तुमचा नियम पोचत नाही. अशा वेळी नवा राउटर घेऊन पैसे घालवू नका.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर फायबरचा ओएनयू (फायबरची तार जोडलेला डबा) आणि तुमचा राउटर दोघेही नॅट करताहेत, म्हणजे एकच आयपी आतल्या अनेक उपकरणांत वाटताहेत. ओएनयू ब्रिज मोडवर (नॅट न करता कनेक्शन नुसतं पुढे देणारं सेटिंग) टाकून पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरा. मग वॅन आयपी पुन्हा तपासा, कारण त्यामागेही सीजीनॅट निघू शकतो.

आयपी सार्वजनिक असेल तर कॉम्प्युटरचा स्थानिक (घरातल्या नेटवर्कमधला) आयपी राउटरमधल्या डीएचसीपी रिझर्व्हेशनने पक्का करा. पावसाळ्यात लाईट गेली-आली की तो बदलू शकतो आणि नियम भलत्याच मोबाईलकडे बोट दाखवत राहतो. ४९१५२ ते ६५५३५ मधला एक पोर्ट निवडा, टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्ही उघडा, विंडोज फायरवॉलमध्येही परवानगी द्या. तपासताना टॉरेंटचा प्रोग्राम चालू हवा, नाहीतर सगळं बरोबर असूनही पोर्ट बंदच दिसेल.

सीजीनॅट असेल तर सरळ उपाय म्हणजे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक आयपी) मागून घेणं. ज्यांना लग्नाचे व्हिडिओ पुण्याला एडिटिंगला पाठवायचे आहेत, त्यांना त्याचीही गरज नाही: सिंकथिंग थेट जोडणी न जमल्यास रिलेवरून (मधल्या सर्व्हरमार्फत) फायली पोचवतं. वेग कमी मिळतो, पण फायली एन्क्रिप्टेडच जातात. दोन्हीकडे आयपीव्ही६ (आयपीचा नवा प्रकार, ज्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो) असेल तर नॅटचा प्रश्नच नाही, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये सिंकथिंगचा २२००० हा पोर्ट उघडावा लागतो. बाहेरून घरी पोचायला भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड (व्हीपीएनचा प्रोग्राम) लावत असाल तर घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) २५ सेकंद ठेवा, नाहीतर नॅट मधेच वाट बंद करतो.

पोर्ट बंद असला तरी टॉरेंट डाउनलोड होतो. मात्र समोरच्याचाही बंद असेल तर दोघांची गाठ सहसा पडत नाही.

काही जमत नाही म्हणून डीएमझेड (सगळे पोर्ट एकाच कॉम्प्युटरकडे उघडणारं राउटरचं सेटिंग) मात्र चालू करू नका. ४४५ (विंडोज फाइल शेअरिंग) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) हे पोर्ट तर बाहेर कधीच उघडू नका.