‘१९८७’: अ‍ॅबाच्या एका गाण्यापायी बाजारातून उठलेला अल्बम

दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा आपल्या गाण्यात वापरायचा तर आधी परवानगी घ्यायची आणि मग पैसे मोजायचे, हे आज संगीताच्या धंद्यात सगळेच धरून चालतात. १९८७ साली ब्रिटनमध्ये ही घडी बसलेली नव्हती. कॉपीराइटचा कायदा होता, पण सॅम्पलर नावाचं, रेकॉर्डमधला आवाज टिपून हवा तसा पुन्हा वाजवणारं यंत्र घराघरातल्या स्टुडिओत पोहोचेल याचा विचार तो लिहिणाऱ्यांनी केलेला नव्हता. त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘द जस्टिफाइड एन्शंट्स ऑफ मू मू’ ऊर्फ ‘द जॅम्स’ या जोडीचा पहिला अल्बम आला. नाव ‘१९८७’, आणि पुढे कंसात शिवी हासडून विचारलेला प्रश्न: हे चाललंय तरी काय? उन्हाळा संपेपर्यंत तो दुकानांतून परत मागवावा लागला.

जोडीतले दोघेही धंद्याला नवखे नव्हते. स्कॉटलंडमध्ये वाढलेल्या बिल ड्रमंडने लिव्हरपूलमध्ये झू रेकॉर्ड्स काढली होती, ‘एको अँड द बनीमेन’ आणि ‘द टिअरड्रॉप एक्सप्लोड्स’ या बँडांचं व्यवस्थापन केलं होतं. पुढे तो डब्ल्यूईए या बड्या कंपनीत नवे कलाकार हेरायच्या नोकरीत होता. १९८६च्या जुलैमध्ये त्याने राजीनामा दिला. आपलं वय ३३ १/३ होत आलं, असं कारण त्याने सांगितलं. एलपी मिनिटाला तेवढेच फेरे घेते. जिमी कॉटी हा ‘ब्रिलियंट’ या बँडचा गिटारवादक. या बँडला डब्ल्यूईएमध्ये ड्रमंडनेच आणलं होतं, पण त्याच्या रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत.

१९८७च्या पहिल्याच दिवशी ड्रमंडच्या मनात आलं की हिप-हॉपची रेकॉर्ड करायची. यंत्रांतलं त्याला फारसं कळत नव्हतं, कॉटीला कळत होतं, म्हणून फोन त्याला गेला. सामान साधंच: अ‍ॅपल टू संगणक, त्याला जोडलेला ग्रीनगेट डीएस३ सॅम्पलर आणि रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन. न्यूयॉर्कच्या डीजेंनी जुन्या रेकॉर्डमधला ठेका उचलून त्यावर रॅप करण्याची रीत सत्तरच्या दशकातच रुजवली होती. त्यांची नक्कल करायची तर अमेरिकी उच्चार ओढूनताणून आणावे लागले असते. ड्रमंडने ते केलं नाही. तो आपल्या स्कॉटिश बोलीतच ओरडला. या अल्बमचा खरेपणा मला सगळ्यात आधी तिथे जाणवतो.

मार्चमध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या सिंगलमध्ये बीटल्स, एमसी५ आणि सामंथा फॉक्स यांचे तुकडे होते, आणि एड्सबद्दलच्या सरकारी जाहिरातीतला आवाजही. कोर्टाच्या भीतीने वितरक हात लावेनात, तेव्हा मे महिन्यात तेच गाणं काटछाट करून काढलं. अल्बममध्ये मात्र दोघांनी हात आखडता घेतला नाही. डेव्ह ब्रुबेकचा प्रसिद्ध जॅझ तुकडा आहे, ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधलं गाणं आहे, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमातले तुकडे आहेत. मध्येच झुइ खिएम या गायकाच्या आवाजात एक पारंपरिक व्हिएतनामी गाणं येतं आणि सगळा गोंगाट थांबतो.

‘द क्वीन अँड आय’ या गाण्यात अ‍ॅबा या स्वीडिश पॉप बँडच्या ‘डान्सिंग क्वीन’चे लांबच लांब तुकडे जसेच्या तसे होते. इतर लोक ढोलाचा एखादा ठोका, ट्रंपेटची एखादी लकेर उचलून ओळखू न येईल अशी वापरत. इथे लपवाछपवी मुळीच नव्हती, आणि म्हणूनच पकडलं जाणंही अटळ होतं. अ‍ॅबाच्या बाजूने तक्रार झाली आणि एमसीपीएस या हक्करक्षक संस्थेने अल्बम मागे घ्यायला लावला. अ‍ॅबाचा नकार त्यांच्या हक्कातलाच होता, हे मान्यच करायला हवं.

दोघे गाडी घेऊन स्वीडनला गेले, सोबत ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाचा पत्रकार. अ‍ॅबाची समोरासमोर भेट घ्यावी असा बेत होता. ती झाली नाही. उरलेल्या प्रतींपैकी काही तिथल्या एका शेतात जाळल्या, बाकीच्या परतीच्या बोटीवरून उत्तर समुद्रात टाकल्या.

ऑक्टोबरात त्यांनी त्याच अल्बमची ‘४५ एडिट्स’ ही आवृत्ती काढली. परवानगी नसलेला प्रत्येक तुकडा कापलेला. जिथे अ‍ॅबा होती तिथे आता शांतता. ठेका चालतो, थांबतो, काहीच ऐकू येत नाही, मग ड्रमंड अर्ध्या वाक्यात परत उगवतो. कव्हरवर सूचना छापल्या होत्या: तीन टर्नटेबल, निवडक रेकॉर्डांची चळत, एक टीव्ही आणि गेल्या आठवड्याच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ची टेप लावलेला व्हीसीआर घ्या, थोडा सराव करा, म्हणजे मूळ अल्बम घरी वाजवता येईल. सॅम्पलिंगवरचं माझ्या मते सगळ्यात नेमकं भाष्य याच तबकडीवर आहे. काय हरवलं ते ऐकणाऱ्याला प्रत्येक रिकाम्या जागेत स्वतः मोजता येतं.

त्याच महिन्यात ‘मार्स’ या समूहाचं ‘पंप अप द व्हॉल्यूम’ हे जवळजवळ तुकड्यांवरच उभं असलेलं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यावरही एका छोट्या तुकड्यापायी ‘स्टॉक एटकिन वॉटरमन’ या संगीत-निर्मात्यांच्या त्रयीने मनाई हुकूम आणला होता; कॉटीच्या ‘ब्रिलियंट’ची निर्मितीही याच त्रयीने केली होती. ड्रमंड आणि कॉटी पुढच्या वर्षी ‘टाइमलॉर्ड्स’ नावाने पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्यानंतर ‘द केएलएफ’ म्हणून जगभर गाजले.

अ‍ॅबाने आपल्या गाण्यांचे तुकडे वापरायला परवानगी पुढेही क्वचितच दिली. नव्वदच्या दशकात ‘फ्यूजीज’ या हिप-हॉप गटाला ती मिळाली. २००५ साली ‘हंग अप’साठी मॅडोनाने स्टॉकहोमला माणसाच्या हाती पत्र धाडून अ‍ॅबाची गाणी रचणाऱ्या बेनी आणि ब्यॉर्नकडे विनंती केली, आणि त्यांचा होकार आल्यावरच गाणं बाहेर आलं. २०२१च्या १ जानेवारीला केएलएफची गाणी स्ट्रीमिंगवर यायला सुरुवात झाली. त्या पहिल्या संग्रहात ‘द क्वीन अँड आय’ नव्हतं.