वेबपानातला धुरा

गेल्या पंधरवड्यात गावी गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढे आमचे गाव. भाचा तिथल्या शेतकरी गटासाठी वेबपान बनवत होता. डावीकडे गटाची माहिती, उजवीकडे हवामानाचा अंदाज आणि खाली दुसऱ्या एका साइटवरचे कापूस-सोयाबीनचे भाव, असा त्याचा बेत. हवामान नीट उघडले. भावांच्या जागी मात्र राखाडी चौकोन, त्यात रडवेल्या चेहऱ्याचा कागद आणि समोरच्या साइटने जोडणी नाकारल्याची एक ओळ. "मामा, त्यायची साइट बंद पडली वाट्टे," तो म्हणाला. त्याच्या मित्राने रेंजला दोष दिला. मी मोबाइलवर तीच साइट उघडली, तर ती तत्काळ उघडली.

साइट चालू होती, रेंजही होती. तो नकार समोरच्याने जाणूनबुजून दिलेला होता. का, ते कळायला फ्रेम ही काय चीज आहे ते आधी पाहावे लागेल.

पडद्यावर दिसणारे पान म्हणजे एकच अखंड कागद, असा आपला समज असतो. पुष्कळदा ते वाटणी झालेले वावर असते. नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या २.० आवृत्तीने १९९६ मध्ये ही वाटणी रूढ केली. 'फ्रेमसेट' नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये स्वतःचा मजकूर जवळपास नसायचाच. खिडकीचे तुकडे, म्हणजेच फ्रेम, कसे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यात कोणते पान आणायचे, एवढेच त्यात लिहिलेले. दोन फ्रेमचे पान उघडायचे तर ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाकडे, तीन वेळा जायचा: एकदा फ्रेमसेटच्या या नकाशासाठी, दोनदा तुकड्यांसाठी. तेव्हाचा २८.८ किलोबिटचा मोडेम सेकंदाला फार तर ३.६ किलोबाइट आणायचा, म्हणजे १८ किलोबाइटच्या पानाला पाच सेकंद. अशा वेळी डावीकडची यादी जिथल्या तिथे ठेवून फक्त उजवा तुकडा बदलता येणे ही मोठीच सोय होती.

मला या सगळ्यात सर्वांत आवडते ती वाटणीची रीत. समजा खिडकी १००० पिक्सेल रुंद आहे आणि फ्रेमसेटमध्ये रुंदी लिहिली आहे '१५०, २५%, *, २*'. शंभर पिक्सेल म्हणजे एक एकर धरा. दहा एकरांचे वावर झाले. दीड एकर आईच्या नावे, तो कमी-जास्त होणार नाही. चौथा हिस्सा काकांचा, म्हणजे अडीच एकर. हे चार एकर आधी बाजूला काढायचे. उरलेल्या सहा एकरांत एका भावाचा एक वाटा आणि दुसऱ्याचे दोन, म्हणून एकाला दोन एकर, दुसऱ्याला चार. फुली (*) म्हणजे 'उरले त्यातला वाटा'. आता खिडकी ८०० पिक्सेलची करा. आईचे १५० तसेच राहतात, काकांचे २०० होतात, उरलेल्या ४५० मध्ये भावांना १५० आणि ३००. पडदा लहान झाला तर झळ कोणी किती सोसायची, हे एका ओळीत ठरवून ठेवलेले असते. दोन फ्रेममधली राखाडी रेघ म्हणजे धुरा, दोन वावरांमधला बांध. माऊसने धरून ती सरकवता यायची! सरकू नये असे वाटले तर 'नोरिसाइझ' हा शब्द लिहायचा, की खुणेचा दगड रोवला गेला.

१९९७ च्या अखेरीस एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या ४.० आवृत्तीत फ्रेमना अधिकृत मान्यता मिळाली, पण दुखणी तोवर दिसू लागली होती. आतली पाने कितीही बदलली तरी वरच्या पट्टीत पत्ता नकाशाचाच राहायचा. आत शिरून सापडलेले पान बहिणीला पाठवायला जावे, तर तिच्याकडे पहिलेच पान उघडायचे. शोधयंत्रातून आलेल्याला एखादा तुकडा सुटाच सापडायचा, ना यादी ना परतीची पांदण. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने फ्रेमसेट बाद केला, ते योग्यच झाले.

उरली ती आयफ्रेम, एका पानात दुसरे पान बसवणारी चौकट. ही म्हणजे आपल्या वावरात मधोमध दुसऱ्याची विहीर. पानात दिसणारा व्हिडिओ, नकाशा, पैसे भरण्याची चौकट बऱ्याचदा आयफ्रेममधून येते. इथला धुरा डोळ्यांना दिसत नाही, पण तो फार पक्का आहे. 'सेम ओरिजिन पॉलिसी' हा त्याचा नियम. दोन पानांचे प्रोटोकॉल (बोलण्याची रीत), डोमेन (साइटचे नाव) आणि पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) तिन्ही जुळले तरच एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या आतले वाचू शकतो. 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपीएस' एवढा फरक असला तरी ब्राउझर आडवा येतो. म्हणून बँकेच्या आयफ्रेममध्ये टाकलेला कार्ड क्रमांक बाहेरच्या दुकानाच्या पानाला वाचता येत नाही. विहीर तुमच्या वावरात असली तरी पाणी तिच्या मालकाचे.

मग विहीरवाला नकार का देतो? २००८ मध्ये 'क्लिकजॅकिंग' हे नाव पुढे आले. भामटा आपल्या पानावर 'मोफत बियाणे' असे बटन रंगवतो. त्याच्यावर तुम्ही लॉगिन केलेली खरी साइट आयफ्रेममध्ये पूर्ण पारदर्शक करून ठेवतो, काचेवर काच ठेवावी तशी. बोट बियाण्यावर पडते आणि दाबले जाते वरच्या अदृश्य काचेवरचे 'मंजूर'. आतले वाचण्याची त्याला गरजच पडत नाही. यावर उपाय म्हणून सर्व्हर पानासोबत 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' नावाची सूचना पाठवू लागले. २००९ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ८ ती पाळत होता. पुढे 'फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स' हा अधिक नेमका नियम आला. मला कोणाच्या पानात बसवायचे नाही, किंवा अमक्याच्याच पानात बसवा, असे साइट स्वतः सांगते आणि ब्राउझर ते पाळतो.

कुलपाच्या चिन्हाबद्दलही एक गैरसमज गावोगावी फिरतो. कुलूप दिसले म्हणजे पान सरकारी आणि खरे, असे व्हॉट्सअ‍ॅपवर ठासून सांगतात. कुलूप एवढेच सांगते की वरच्या पट्टीतल्या पत्त्याशी तुमचे बोलणे वाटेत कोणी वाचत नाही. तो पत्ता बाहेरच्या पानाचा असतो, आतल्या आयफ्रेमचा नव्हे. विम्याचा किंवा कर्जमाफीचा अर्ज चौकटीत दिसत असेल, तर आधार क्रमांक टाकण्यापूर्वी ते पान वेगळ्या टॅबमध्ये उघडून पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. गावातल्या एका ऑनलाइन सेंटरवर राऊटरला लिंबू-मिरची बांधलेली पाहिली आणि वाईट वाटले. पान अडले तर कारण बऱ्याचदा ब्राउझरमध्येच लिहिलेले असते, ते कसे वाचायचे हे त्या पोरांना कोणी शिकवलेले नाही.

भाच्याला मी ते वाचून दाखवले. एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी, उघडला, लाल अक्षरांतली ओळ दाखवली. तीत एक्स-फ्रेम-ऑप्शन्सचा स्पष्ट उल्लेख होता. त्याने दोनदा वाचली. "मंजे ते नाहीच म्हणून राह्यले," तो म्हणाला. मग राखाडी चौकोन काढून त्याने तिथे 'आजचे भाव पाहा' असा साधा दुवा टाकला. दाबला की भाववाल्यांचे पान वेगळ्या टॅबमध्ये उघडते, वर त्यांचाच पत्ता.