पाळीव साप नव्या घरी रुळणे

नव्याने आणलेला साप अनोळखी पेटीत, अनोळखी वासांत आणि तापमानात आल्यावर खाणे, लपणे, रात्री फिरणे व कात टाकणे हे सारे सुरळीत करू लागेपर्यंतचा काळ, आणि त्या काळात पाळणाऱ्याने घ्यायची काळजी. काही साप आठवड्या-दोन आठवड्यांत रुळतात, काहींना महिना-दोन महिने लागतात. कुत्र्यामांजरासारखा साप माणसाला लळा लावत नाही. या जागी आपल्याला धोका नाही, एवढीच खात्री त्याला हवी असते. ती लाडाने मिळत नाही. ऊब, आडोसा आणि शांतता यांनी मिळते. म्हणून रुळवण्याचे निम्म्याहून अधिक काम म्हणजे पाळणाऱ्याने स्वतःचे हात आवरणे.

कोणता साप पाळता येतो

मुंबई परिसरात आरे, बोरिवली किंवा ठाण्याच्या बाजूला सापडलेली धामण, दिवड किंवा अजगर घरी ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. नाग, घोणस यांसारख्या विषारी सापांचा तर प्रश्नच नाही. गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी मांडुळाची तस्करी महाराष्ट्रात आजही होते; तोही संरक्षित आहे. रानातून उचललेला साप पेटीत क्वचितच खऱ्या अर्थाने रुळतो. तो काचेवर तोंड घासून जखमी होतो, भक्ष्य नाकारतो आणि खंगत जातो.

मुंबईत पाळले जाणारे साप मुख्यतः परदेशी आणि बिनविषारी असतात : पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइटीस’ (CITES) या आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्रजाती याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यात बॉल पायथन मोडतो. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यावर तीस दिवसांच्या आत ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. विक्रेत्याकडून आधीच्या मालकीची कागदपत्रे घेतल्याशिवाय साप घेऊ नये. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात दडवलेले साप मुंबई विमानतळावर वारंवार पकडले जातात. तशा प्रवासातून आलेला साप तहानलेला, रोगट आणि भेदरलेला असतो. स्वस्तात मिळाला म्हणून तो घेणे म्हणजे त्या तस्करीला हातभार लावणे.

पेटी आणि आडोसा

पेटी साप येण्याआधी किमान दोन-तीन दिवस लावून, तिचे तापमान तपासून ठेवावी. साप हातात आणि पेटी दुकानात, अशी घाई सर्वांत महाग पडते.

बॉल पायथन निसर्गात दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत दडून असतो. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेले असले की त्याला सुरक्षित वाटते. म्हणून आडोसा प्रशस्त नको, साप वेटोळे घालून जेमतेम मावेल एवढाच हवा. असे दोन आडोसे लागतात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच ठेवला तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडावे लागते. तो बहुधा सुरक्षितता निवडतो आणि मग खाल्लेले पचत नाही. कुंडीची उलटी तबकडी कडेला खाच पाडून ठेवली तरी चालते. मोठ्या उघड्या काचपेटीत पिल्लू साप घाबरून राहतो; रिकाम्या जागेत कोरडी पाने, कागदाचे बोळे, प्लास्टिकच्या वेली भराव्यात आणि काचेच्या तीन बाजू बाहेरून कागदाने झाकाव्यात.

पहिल्या महिन्यात तळाला नारळाच्या भुश्याऐवजी साधा टिश्यू पेपर किंवा छपाई नसलेला कागद घालावा. दिसायला तो ओकाबोका वाटतो, पण विष्ठा कशी आहे आणि अंगावर बारीक काळे किडे आहेत का, हे त्यावर लगेच कळते. घरात आधीचा साप असेल, तर नव्याची पेटी दुसऱ्या खोलीत निदान महिनाभर ठेवावी आणि जुन्या सापाचे काम आधी उरकून मग नव्याकडे जावे.

मुंबईची हवा

बॉल पायथनला पेटीच्या उबदार टोकाला ३१ ते ३३ आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश सेल्सिअस लागते. कॉर्न स्नेकला दोन्हीकडे दोन-तीन अंश कमी चालते. थंड देशांतल्या पुस्तकांत सगळा भर उष्णता पुरवण्यावर असतो. मुंबईत वर्षाचे बरेच महिने खोलीच २८ ते ३२ अंशांवर असते, त्यामुळे इथली खरी अडचण पेटीचा थंड कोपरा थंड ठेवण्याची आहे. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेली पेटी दुपारी ३५ अंशांच्या वर जाते आणि साप दगावू शकतो. पेटी खोलीच्या आतल्या भिंतीशी, जमिनीलगत ठेवावी. हीट मॅट, म्हणजे पेटीला ऊब देणारी विजेची चटई, वापरायची तर थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज आपोआप बंद करणाऱ्या यंत्राला, जोडूनच. जानेवारीच्या काही रात्री उपनगरांत पारा १५-१६ अंशांवर उतरतो, तेव्हा तिचा खरा उपयोग.

पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या पुढे जातो. कोंदट पेटीत, ओल्या कागदावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाखालचे खवले लालसर होतात, फोड येतात आणि सडू लागतात. जुलैत पाणी शिंपडणे थांबवावे, जाळी मोकळी ठेवावी, कागद ओला दिसला की बदलावा. याउलट रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत हवा कोरडी पडते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते. अशा वेळी ओल्या शेवाळाचा एक डबा पेटीत ठेवावा.

डास मारणारी लिक्विड यंत्रे, झुरळांचे फवारे आणि धूप-उदबत्तीचा धूर यांपासून साप लांब हवा. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा धूरफवारणी असेल, त्या दिवशी पेटी दुसऱ्या घरी हलवावी.

आवाज आणि कंप

सापाला बाहेरचे कान नसले, तरी जबड्याच्या हाडातून अंतःकर्णापर्यंत कंप पोचतात. बॉल पायथनला ८० ते १६० हर्ट्झच्या आसपासचे खर्जातले स्वर सर्वांत चांगले जाणवतात, आणि ढोलाचा ठोका खर्जातलाच. त्यामुळे गणेशोत्सवात किंवा शेजारी पुनर्विकासाचे ड्रिलिंग चालू असताना नवा साप घरी आणणे त्याच्यावर अन्याय आहे. विसर्जन होऊ द्यावे. लिफ्टच्या भिंतीला, वॉशिंग मशीनच्या शेजारी किंवा टीव्हीखालच्या कपाटात पेटी ठेवू नये. तिच्याखाली फोमची जाड पट्टी घातली तर कंप बराच कमी होतो.

पहिले आठवडे

साप कापडी पिशवीत गाठ मारून, ती पिशवी भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून आणावा. शक्यतो पहाटे किंवा रात्री टॅक्सीने आणावा. गर्दीच्या लोकलने मुळीच नाही. घरी आल्यावर पिशवीचे तोंड आडोशापाशी सैल करून द्यावे आणि खोलीबाहेर जावे.

पहिले पाच ते सात दिवस पाणी बदलणे आणि विष्ठा काढणे एवढेच करावे. नातेवाइकांना दाखवण्यासाठी बाहेर काढू नये. नवा पाहुणा पाहायला अख्खा मजला येतो, आणि मुंबईच्या घरात त्याला नाही म्हणणे अवघड जाते. पण या आठवड्यात म्हणावेच लागते.

त्यानंतर पहिले भक्ष्य द्यावे. त्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकीच असावी, जास्त नको. आधीच्या मालकाने जे दिले तेच, त्याच आकाराचे, त्याच पद्धतीने द्यावे; गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात पूर्ण वितळवून चिमट्याने संध्याकाळी. साप नाकारेल तर तासाभरात काढून घ्यावे आणि पुढचा प्रयत्न आठवड्याने करावा. रोज समोर नाचवल्याने तो आणखी बिथरतो. बॉल पायथन निरोगी असूनही कित्येक आठवडे उपाशी राहतो. वजनकाट्यावर आठवड्याला नोंद ठेवावी. वजन टिकून असेल तर काळजी नको, पण दहा टक्क्यांच्या वर घटले तर पशुवैद्य गाठावा. दूध कधीच देऊ नये, नागपंचमीलाही नाही. ते सापाला पचत नाही.

दोन-तीन वेळा नीट खाल्ल्यावरच हाताळणी सुरू करावी, तीही पाच-दहा मिनिटे. खाल्ल्यानंतर ४८ तास आणि डोळे निळसर होऊन कात येत असताना हात लावू नये, कारण खाल्लेले उलटून पडू शकते आणि कात येताना त्याला नीट दिसत नाही. साप डोके मध्ये दडवून गोळा होत असेल, मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडत असेल किंवा कॉर्न स्नेक शेपूट थरथरवत असेल, तर त्या दिवशी पेटी बंद करावी. सावकाश, जीभ लपलपवत हातावरून सरकणारा साप रुळू लागला आहे. सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊ नये.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकाशी बुडबुडे किंवा श्वासाचा घरघर आवाज ही श्वसनरोगाची लक्षणे आहेत. सापांवर उपचार करणारे पशुवैद्य शहरात मोजकेच असल्याने त्यांचा पत्ता साप आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा.

पेटीतून निसटल्यास

पहिल्या रात्रींत साप पेटीची प्रत्येक फट नाकाने चाचपतो. झाकणाला कडी हवीच. निसटला, तर आधी मोऱ्यांच्या जाळ्या आणि दाराखालची फट बंद करावी. मग फ्रिजच्या मोटरमागे, गॅसच्या ओट्याखाली, पुस्तकांच्या मागे असे उबदार व अरुंद कोपरे शोधावेत. लपवाछपवी न करता सोसायटीला लगेच कळवावे आणि साप बिनविषारी असल्याचे छायाचित्रासह सांगावे, नाहीतर जिन्यात दिसताच तो काठीने मारला जातो. सर्पमित्राची किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनची मदत घेता येते. सापडल्यावर त्याला पेटीत ठेवून पुन्हा आठवडाभर हात लावू नये.