पायांचा व्यायाम (घरगुती साधनांवर)

मांड्या, नितंब आणि पोटऱ्या यांच्या स्नायूंना घरच्या घरी, मोजक्या बहुउपयोगी साधनांवर दिले जाणारे ताकदीचे प्रशिक्षण. वजन कमीजास्त करता येणारे डंबेल, एखादे केटलबेल (वर कडीसारखी मूठ असलेला वजनाचा गोळा), रबरी बँड आणि एक बाक एवढ्यावर ते पूर्ण होऊ शकते; लेग प्रेस किंवा लेग कर्लसारखी व्यायामशाळेतली यंत्रे असलीच पाहिजेत असे नाही. अडचण वेगळीच येते. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू कमरेखाली आहेत आणि घरातले वजन मात्र हातांनी धरावे लागते. त्यामुळे पाय थकण्याआधी पकड सुटते. घरच्या व्यायामाची आखणी करताना बहुतेक निर्णय याच अडचणीतून निघतात.

महाराष्ट्रातल्या तालमींत जोर-बैठकांनी पाय कमावण्याची जुनी पद्धत आहे. बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे जातात आणि भार मुख्यतः मांडीच्या पुढच्या स्नायूंवर पडतो. शेकड्यांनी बैठका मारल्या की दम वाढतो, चिकाटी येते. पण भार तोच राहिला तर ताकदीची वाढ लवकर अडते. उत्तर भारतातल्या आखाड्यांत गळ्यात गर नाल हे दगडी कडे अडकवून बैठका मारत, म्हणजे भार वाढवत नेण्याची गरज पहिलवानांनी केव्हाच ओळखली होती. मांडीची मागची बाजू मात्र बैठकीत जवळजवळ वगळली जाते, आणि घरी व्यायाम करणाऱ्यांचीही नेमकी तीच उणीव राहते.

स्नायू आणि त्यांच्या गरजा

क्वाड्रिसेप्स हा मांडीच्या पुढचा चार भागांचा स्नायू गुडघा सरळ करतो. त्याचा रेक्टस फेमोरिस हा भाग खुब्याच्या सांध्यावरूनही जातो. स्क्वॉटमध्ये, म्हणजे उभ्याने खाली बसून पुन्हा उठण्याच्या व्यायामात, खाली बसताना तो गुडघ्यापाशी ताणला जातो आणि खुब्यापाशी सैल पडतो. लांबी फारशी बदलत नसल्यामुळे स्क्वॉट कितीही केले तरी तो इतर तीन भागांच्या मानाने मागे राहतो. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचेही स्क्वॉटमध्ये असेच होते. शिवाय हॅमस्ट्रिंगची कामे दोन आहेत : मांडी खुब्यातून मागे नेणे आणि गुडघा दुमडणे. त्यांपैकी बायसेप्स फेमोरिस या स्नायूचे आखूड शीर्ष फक्त गुडघ्यावरून जाते, म्हणून कंबरेतून वाकण्याचे व्यायाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याला गुडघा भाराविरुद्ध दुमडणारा व्यायामच लागतो. पोटरीतला वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा सरळ असताना काम करतो; गुडघा दुमडला की तो सैल पडतो आणि काम त्याच्याखालच्या सोलियसकडे जाते. म्हणून पोटरीचा व्यायाम उभ्यानेही हवा, बसूनही हवा.

साधने

घराघरांत दिसणारे डंबेल म्हणजे आटे पाडलेला दांडा, प्लेटा आणि दोन्ही टोकांना नट. पीव्हीसीच्या आवरणातल्या प्लेटांमध्ये सिमेंट किंवा वाळूसारखा भराव असतो. त्या स्वस्त असतात, पण इतक्या जाड की हवे ते वजन होण्याआधी दांडा संपतो, आणि चालत्या लंजमध्ये (मोठे पाऊल पुढे टाकून गुडघे वाकवत चालणे) त्या मांडीला घासतात. पायांच्या व्यायामासाठी बिडाच्या प्लेटा घेणे शहाणपणाचे. १.२५ किलोच्या चार प्लेटा अवश्य असाव्यात : प्रत्येक डंबेलच्या दोन्ही टोकांना एकेक लावली की डंबेल २.५ किलोने, म्हणजे जोडी ५ किलोने वाढते. वजनातल्या याहून मोठ्या उड्या पोटरीला चालतात, एका पायाच्या स्क्वॉटला नाही. लंजमध्ये पाऊल टेकताना बसणाऱ्या हादऱ्याने नट सैल होतात. प्रत्येक सेटआधी, म्हणजे सलग पुनरावृत्तींच्या प्रत्येक फेरीआधी, ते आवळून घ्यावेत, रबरी वॉशर गळाला असेल तर बदलावा. साध्या प्लेटांचे भोक २५ ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते आणि ऑलिंपिक दांड्याच्या प्लेटांचे ५०, हे नंतर बारबेल घेण्याचा विचार असणाऱ्यांनी आधीच पाहून ठेवावे.

बाकाची उंची बहुधा ४० ते ४५ सेंटिमीटर असते. केटलबेल एकच घ्यायचे तर ज्याने दहा-बारा गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून केलेले स्क्वॉट) होतात त्याच्या वरचे घ्यावे, कारण त्याचे वजन वाढवता येत नाही. १०४ सेंटिमीटरचे बंद लूप बँड उपयोगी. त्यांवर छापलेला किलोचा आकडा एका ठरावीक ताणापुरताच खरा असतो. दोन कप्प्यांचे (पुलींचे) केबल यंत्र घरी असेल तर त्याचे गुणोत्तर तपासावे. अशा बऱ्याच यंत्रांत ते २:१ असते, म्हणजे पिन ४० किलोवर लावली तरी हाताला किंवा घोट्याला २० किलोच ओढ जाणवते. दाराला अडकवायचा सस्पेन्शनचा पट्टा (त्याला धरून शरीराचा भार तोलत व्यायाम करतात) लावताना, ओढल्यावर दार बंद होईल त्या बाजूला उभे राहावे. बाथरूमचे पीव्हीसीचे दार या कामाचे नाही.

भाराचे गणित

स्क्वॉटमध्ये गुडघ्याखालचा भाग सोडून बाकीचे सगळे शरीर वर उचलले जाते. ७० किलोच्या माणसाच्या दोन्ही पिंढऱ्या व पावले मिळून ८ किलोच्या आसपास भरतात, म्हणजे उचलायचे ६२ किलो. हातात वीस-वीस किलोचे दोन डंबेल धरले की १०२. दोन पायांत वाटून प्रत्येकी ५१. हेच डंबेल घेऊन मागचा पाय बाकावर ठेवला आणि पुढच्या पायाने पाऊण भार पेलला असे धरले, तर त्याच्यावर ७६ किलो येतात. साधन तेच, खर्च शून्य, भार दीडपट. म्हणूनच घरच्या आखणीत एका पायाच्या व्यायामांना पहिले स्थान द्यावे.

दुसरा उपाय गतीचा. खाली जाताना तीन-चार सेकंद, तळाशी एक-दोन सेकंद थांबा, मग जोराने वर. तिसरा उपाय जास्त रेप्सचा, म्हणजे पुनरावृत्तींचा : २५-३० रेप्सपर्यंतचे हलके सेटही अगदी थकव्याजवळ नेले तर स्नायू जड सेटांइतकेच वाढवतात. निव्वळ ताकद वाढवायची असेल तर मात्र जड वजनाला पर्याय नाही. कितीही बँड जोडले तरी घरी बारबेलची बरोबरी होत नाही, हे मान्य करून चालावे. पकड आधी सुटत असेल तर मनगटात अडकवून दांड्याला गुंडाळायचे पट्टे वापरावेत, किंवा काही भार पाठपिशवीत भरून पाठीवर घ्यावा.

मुख्य व्यायाम

_बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट._ बाकाच्या कडेवर बसून एक पाय सरळ पुढे पसरावा. टाच जिथे टेकेल तिथे पाऊल ठेवून उभे राहावे आणि दुसऱ्या पायाचा चवडा मागे बाकावर टेकवावा. अंतर असे मोजले की दर वेळी चाचपडावे लागत नाही. मागचा गुडघा जमिनीला जवळजवळ लागेपर्यंत खाली जावे. धड सरळ ठेवले तर काम मांडीच्या पुढच्या भागाकडे, किंचित पुढे झुकवले तर नितंबाकडे जाते. कमरेत दुखू लागले तर दोष बहुधा उंचीचा असतो : बाक उंच पडल्याने मागच्या मांडीचा पुढचा भाग ताणला जातो आणि कंबर पोकळ होते. ३० सेंटिमीटरचे स्टूल घेतले की तक्रार बहुतेक वेळा मिटते. तोल जात असेल तर एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हातात एकच जड डंबेल घ्यावे. गुडघा अंगठ्याच्या पुढे गेला म्हणून घाबरायचे कारण नाही. तो आत कलंडू देऊ नये, मधल्या बोटाच्या दिशेत ठेवावा.

_गॉब्लेट स्क्वॉट._ अमेरिकन प्रशिक्षक डॅन जॉन यांनी रुळवलेला हा प्रकार. डंबेल उभे करून छातीशी दोन्ही तळव्यांवर धरायचे. टाचांखाली ५ किलोच्या दोन प्लेटा किंवा लाकडी फळी ठेवली की घोटा आखडलेल्यांनाही खोल बसता येते आणि मांडीच्या पुढच्या भागावर काम वाढते. येथे मर्यादा हातांचीच : वजन तिशीकडे झुकले की पायांआधी पाठ आणि दंड हार मानतात. हा व्यायाम १५-२० रेप्ससाठीच ठेवावा.

_रुमानियन डेडलिफ्ट._ गुडघे किंचित वाकवून तसेच ठेवायचे आणि नितंब मागच्या भिंतीला टेकवायला जावे तसे मागे न्यायचे. डंबेल मांडीला लागून खाली सरकले पाहिजेत. पुढे लोंबले की ओढ कमरेवर येते. नडगीच्या मध्यापर्यंत बहुतेकांना पुरते. पाठ गोल होऊ लागते तिथे व्यायाम संपला. त्याखाली जाऊन हॅमस्ट्रिंगला काही मिळत नाही. या व्यायामाला बँड लावण्याची चाल सर्रास दिसते, पण ती उलटी आहे. बँडचा ताण वर उभे राहिल्यावर सर्वांत जास्त असतो आणि हॅमस्ट्रिंगला भार हवा असतो तो खाली, ताणलेल्या अवस्थेत. बँडची जागा हिप थ्रस्टमध्ये (पाठ बाकाला टेकवून कंबर वर उचलण्याचा व्यायाम) : तिथे नितंबांना वरच्या टोकालाच सर्वाधिक जोर लावावा लागतो. त्यासाठी खांद्याच्या हाडांची खालची कड बाकावर टेकवावी, वर आल्यावर नडग्या उभ्या असाव्यात, बरगड्या खाली दाबून ठेवाव्यात. बाक मागे सरकू नये म्हणून तो भिंतीला लावावा आणि डंबेलखाली ओटीपोटावर जाड टॉवेलची घडी ठेवावी.

_सरकता लेग कर्ल._ गुळगुळीत टाइल्स किंवा पॉलिश केलेली कोटा फरशी असलेल्या घरांसाठी लेग कर्ल यंत्राला हा उत्तम पर्याय आहे. पाठीवर झोपून टाचांखाली कोरडा टॉवेल घ्यावा, कंबर उचलावी, आणि टाचा तीन-चार सेकंदांत दूर सरकू द्याव्यात. सुरुवातीला परत येताना कंबर टेकवावी. ६-८ रेप्स नीट जमले की कंबर न टेकवता टाचा ओढून परत यावे. पोटरीत किंवा मांडीमागे गोळा आला तर पावले वर ओढून, फक्त टाचांवर करावे. यापुढची पायरी नॉर्डिक कर्ल : गुडघ्यांखाली उशी, घोटे जड पलंगाखाली अडकवलेले, आणि शरीर ताठ ठेवून सावकाश पुढे पडायचे. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर आल्या आहेत. दोन पावलांत डंबेल धरून पालथे पडून केलेला कर्ल मात्र फारसा शिफारस करण्यासारखा नाही. डंबेल निसटते, आणि नडगी उभी होताच भार संपतो.

_उलटा नॉर्डिक._ गुडघ्यांवर उभे राहून, खुबा न वाकवता सरळ मागे झुकायचे. रेक्टस फेमोरिसला घरच्या घरी ताणाखाली काम देणारा हा सोपा मार्ग. छातीशी लूप बँड धरून तो समोर खांबाला अडकवला की परत येताना मदत होते.

_पोटरी._ एका पायाचा चवडा जिन्याच्या पायरीवर ठेवून टाच पूर्ण खाली सोडावी आणि तिथे दोन सेकंद थांबावे. न थांबता उसळत केले तर बरेच काम अकिलीसचा स्नायुबंध स्प्रिंगसारखा करतो, स्नायू नाही. पोटऱ्या वाढत नाहीत या सार्वत्रिक तक्रारीचे निम्मे उत्तर या थांब्यात आहे. सोलियससाठी बसून, गुडघ्यावर डंबेल उभे ठेवून, चवड्याखाली प्लेट घेऊन करावे.

केटलबेल स्विंग (केटलबेल पायांमधून मागे नेऊन झटक्याने पुढे झुलवणे) पायांच्या यादीत नेहमी असतो. दमासाठी तो चांगला, स्नायूवाढीसाठी दुय्यम. स्टेप-अपमध्ये (एका पायाने बाकावर चढणे) मागचा पाय हळूच ढकलून फसवणूक होते. मागच्या पायाचा चवडा वर उचलून फक्त टाच टेकवली की ती बंद होते.

आठवड्याची आखणी

दोन दिवस पुरतात, मध्ये ४८ ते ७२ तासांचे अंतर. पहिल्या दिवशी बल्गेरियन ८-१२ रेप्सचे तीन सेट, रुमानियन डेडलिफ्ट १०-१२ चे तीन, सरकता कर्ल ६-१० चे दोन-तीन, उभ्याने पोटरी १२-१५ चे तीन. दुसऱ्या दिवशी टाचा उचलून गॉब्लेट १५-२० चे तीन, हिप थ्रस्ट १०-१५ चे तीन, उलटा नॉर्डिक ६-१० चे दोन, बसून पोटरी १५-२० चे तीन. मोठ्या व्यायामांत दोन-तीन मिनिटे विश्रांती. एका पायाच्या प्रकारांत कमजोर पाय आधी, आणि दुसऱ्या पायाआधी मिनिटभर थांबा. आणखी एक-दोन रेप्स निघाले असते अशा ठिकाणी सेट संपवावा. सगळ्या सेटांत वरचा आकडा गाठला की वजन वाढवून पुन्हा खालच्या आकड्यापासून सुरुवात.

पहिल्या आठवड्यात सर्वांचे दोनच सेट, नॉर्डिक अजिबात नको. सावकाश खाली जाण्याने येणारा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचतो. सवय नसताना पैजेवर पाचशे बैठका मारणाऱ्यांमध्ये स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो; लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सांध्याच्या आत टोचणारी वेदना, गुडघ्याला सूज किंवा पायात उतरणारी कळ हा ठणका नव्हे.

जागा आणि देखभाल

भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची लादी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरून आखलेली असते. डंबेल आणि बाकाने तिला काही होत नाही. त्रास होतो तो खालच्या मजल्याला, आवाजाचा. १० ते १५ मिलिमीटरची रबरी चटई आणि वजन आपटू न देणे एवढे पुरे. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत बिडाच्या प्लेटा पावसाळ्यात गंजतात, नट अडकतात. आटे ब्रशने साफ करून शिलाई यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. तेच तेल लॅटेक्सच्या बँडला लागू देऊ नये, रबर खराब होते. बँड उन्हापासून दूर ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी ताणून कडांवर बारीक चिरा आहेत का ते बघावे. चीर दिसली की तो बँड फेकून द्यावा.